निवळलेली बाटली

"हातपंपाचं पाणी कधी इतकं नितळ असते का, तूच सांग," प्रफुलभाऊ कुरकुरत होते. "ही बाई बाटली धुऊन आणते का पाणीच धुऊन आणते, तेच समजून नाई राह्यलं."

तालुक्याच्या त्या पाणी तपासायच्या लॅबला दोनच खोल्या आहेत आणि मधे नुसता पडदा. भाऊंची पाठ पडद्याच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला, चपला काढत. हातभर अंतर असेल. मला राग आला नाही. उलट बरंच वाटलं. एखादीनं आपल्या घरी यावं आणि 'भांडी जरा जास्तच घासता तुम्ही' असं नाक मुरडून म्हणावं, तसं. मी घसा खाकरला, पडदा सारला आणि पिशवीतल्या बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या, चिठ्ठ्या समोर येतील अशा.

माझं नाव चंदा. पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलाला लागून जामटोला आहे, तिथली मी जलसुरक्षक. म्हणजे वर्षातून दोनदा गावातल्या प्रत्येक विहिरीचं, नळाचं, हातपंपाचं पाणी बाटलीत भरायचं, बाटलीवर नाव घालायचं आणि एसटीनं लॅबला पोचवायचं. शाळा सातवीत सुटली. त्यानंतर जे छापलेलं हाती आलं ते वाचलं. आरोग्य खात्याच्या पुस्तिका, खताच्या पोत्यावरच्या सूचना, वाणसामानाच्या पुड्यांचे कागद. गावात मला 'पाण्याची मास्तरीण' म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण मला ते आवडतं हे त्यांना ठाऊक नाही.

भाऊंच्या शेजारी एक नवी मुलगी होती, साक्षी. मूल गावची. त्याच महिन्यात लागलेली. तिनं एक बाटली उजेडात धरली, फिरवली आणि मला विचारलं, मावशी, तुम्ही पाणी भरता कसं? मला वाटलं, कुणीतरी एकदाचं विचारलं. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं.

ते इथं पुन्हा सांगावं लागेल, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

सात वर्षांपूर्वी एका मोठ्या बैठकीत एका साहेबानं मी आणलेली बाटली सगळ्यांसमोर वर धरली आणि विचारलं, हे पाणी आहे की चहा? सभागृह हसलं. मागून कुणी म्हणालं, साखर कमी दिसते. मीही हसले. ते हसणं आठवलं की अजून माझे कान तापतात. ती बाटली आमच्या खालच्या टोल्यातल्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, हातपंपाची होती. त्या पंपाला लालसर, गढूळ पाणी येतं, पावसाळ्यात जास्तच. त्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या मी ठरवलं की माझ्या गावाच्या पाण्याचं पुन्हा असं चारचौघांत हसं होऊ देणार नाही.

माझ्या आईकडे पाहुणा आला की आधी निवळीची बी निघायची. निवळी हे आमच्या जंगलातलं झाड. त्याची बी शर्टाच्या बटणासारखी, वाटोळी, चपटी. मडक्याच्या आतल्या बाजूला थोड्या पाण्यात ती घासायची, दुधासारखा रस निघतो. वरून गढूळ पाणी ओतायचं, ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. तासाभरात गाळ फाटलेल्या दुधासारखा गोळा होऊन तळाला बसतो आणि वर असं पाणी राहतं की त्यात आपलं तोंड दिसावं. पाहुण्याला गढूळ पाणी द्यायचं नाही, एवढंच आईचं शास्त्र. सरकारही पाहुणाच, असं माझ्या मनानं घेतलं. सात वर्षं मी खालच्या पंपाचं पाणी बादलीत घरी आणत होते, निवळत होते आणि वरचं नितळ पाणी अलगद बाटलीत भरत होते. पुस्तिकेत पंपावरच भरा असं लिहिलं होतं. मला वाटलं, ते आळशी लोकांसाठी असेल.

आणि ह्याच तोंडानं मी टोल्यात जाऊन बायकांना सांगत होते की आता बिया-बिया घासणं सोडा, हातपंपाचं पाणी जमिनीनं गाळून दिलेलं असतं, तसंच प्या. तसं पुस्तिकेत होतं. त्यांनी ऐकलं. पाण्याच्या मास्तरणीचं ऐकलं.

हे मी साक्षीला बढाईनं सांगितलं. बटव्यातून बी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती पाहिली, भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग साक्षीनं हळूच विचारलं, "मागच्या वर्षी जामटोल्याच्या खालच्या पंपाची एक बाटली आर्सेनिकसाठी पुढं गेली होती. ते पाणीबी असंच निवळलं होतं का, मावशी?"

मी हो म्हणाले. आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की 'हो' म्हणायला नको होतं. किंवा फार आधी म्हणायला हवं होतं.

त्या बाटलीचं कारण रुखमा होती. आमचा दहा बायकांचा बचत गट आहे आणि गावाच्या खालच्या अंगाला बांबूची शेड. टोपल्या, दिवे, तबकं करतो. बांबूला भुंगा लागू नये म्हणून तो आधी औषधाच्या हौदात बुडवून ठेवावा लागतो. हिरवट-पिवळं पाणी असतं ते, हाताला लागलं तर चरचरतं. शिकवायला आलेल्या माणसानं बजावलं होतं की वापरलेलं औषध आणि गाळ पक्क्या टाकीत वाळवा, जमिनीत सोडू नका. पक्की टाकी दर महिन्याला पुढच्या महिन्यात होणार होती. तोवर शेडच्या मागं एक कच्चा खड्डा खणला आणि त्यात ओतत राहिलो, सहा वर्षं. माती सारं पिऊन घेते, असं आम्ही म्हणायचो. मी त्यावर पुस्तिकेतलं वाक्यही चढवलं होतं: जमीन ही नैसर्गिक गाळणी आहे.

खड्ड्यापासून उतारानं सत्तर-ऐंशी पावलं गेलं की खालचा टोला. चौदा घरं, सगळी बौद्ध. वरच्या गावात टाकीचं पाणी नळानं येतं. खाली पाइप येणार आहे, असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. तिथं तो एकच हातपंप.

गटात खालच्या टोल्यातली एकटी रुखमा. बांबूची कामटी तिच्याइतकी बारीक कुणाला काढता येत नाही. ती सोलायला बसली की बांबू स्वतःच उलगडतो असं वाटतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या तळहाताला कठीण दाणे यायला लागले. आधी मोहरीएवढे, मग हरभऱ्याएवढे. छातीवर काळे-पांढरे ठिपके, धुळीत चार थेंब पडून वाळावेत तसे. शेडमध्ये कुणी मोठ्यानं काही बोललं नाही. पण महारोग हा शब्द सगळ्यांच्या डोळ्यांत दिसायला लागला आणि तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीत गेला. मी आता खरं लिहिते. कप वेगळा ठेवावा असं काहींच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, माझ्याही असेल. पण तेव्हा कारण नव्हतं आणि दिवस बदललेले होते. हातांनी कारण दिलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा महारोग नाही, पाणी तपासा. पाणी कोण भरणार? मी. लॅबचं उत्तर आलं: सगळं मर्यादेत. तो कागद मीच शेडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला, मराठी वर्तमानपत्र वाचावं तसा. रुखमा कामटी सोलत ऐकत होती. "पाण्यात नाई तं मंग माह्यातच काही असन," म्हणाली. कुणीच 'तसं नाही' म्हणालं नाही. पुढच्या सोमवारी ती आली नाही, आणि का आली नाही असं विचारायला कुणी गेलं नाही.

हौदाचं, खड्ड्याचंही सांगितल्यावर साक्षीनं मला समजावून सांगितलं, अगदी आपल्या आईला सांगावं तसं. औषधातलं विष, म्हणजे तेच आर्सेनिक, एकटं निघालं तर जमीन त्याला वाटेतच धरून ठेवते, हे खरं आहे. पुस्तिका खोटी नाही. पण चिकणमातीचे आणि जमिनीतल्या गंजाचे कण असतात, डोळ्याला न दिसणारे, इतके बारीक की ते बसतच नाहीत; पाण्याबरोबर भेगांतून, फटींतून वाहत जातात. विष त्यांना चिकटतं.

"बाजाराच्या दिवशी काळी-पिवळी जीप पाह्यली ना, मावशी? आत जागा नाई तं लोक बाहेर लटकून जातात. हे तसंच जाते, कणाले लटकून. तुमी बी घासली, साऱ्या गाड्या तळाशी बसवल्या, अन् रिकामा रस्ता आमाले आणून दाखवला."

भाऊ म्हणाले, राहू दे, त्यांना काय माहीत. त्यांनी ते भल्यासाठी म्हटलं. मला मात्र तेवढंच लागलं. सात वर्षं मला वाटत होतं की मला माहीत आहे.

साक्षी म्हणाली, गुरुवारी मी स्वतः येऊन पंपावर भरते. खड्डाही बघते. तोवर ते पाणी पिऊ नका म्हणून टोल्यात सांगाल ना? मी मान हलवली. मान हलवणं सोपं असतं.

एसटीत खिडकीशी बसले आणि परत येताना मनातल्या मनात सांगून पाहिलं. रुखमा, असं झालं. रुखमाबाई, ऐका. प्रत्येक वेळी वाक्य 'मी'पाशी आलं की फाटा फुटायचा आणि तिथं 'लॅब' यायची, 'सरकार' यायचं, 'पावसाळा' यायचा.

घरी आल्यावर आधी रंजीताकडे गेले. रंजीता गटाची अध्यक्ष. बोलायला कडक, पण माझ्या बाळंतपणात चार रात्री माझ्या उशाशी बसलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, तांदूळ निवडत. मग म्हणाली की गुरुवारी ती पोरगी यायच्या आधी पंप अर्धा तास हापसून घे, गाळ निघून जाईल. बीचं कुणाला सांगू नकोस. शेड बंद पडली तर दहा घरं बसतील. खड्ड्यावर दोन पाट्या माती टाकून घेऊ. मी तिला म्हणाले नाही की माती टाकून काय होणार, मातीच तर घेऊन जाते. मी हो म्हणाले. त्या आठवड्यात मी फार वेळा हो म्हणाले.

बुधवारी दुपारी खालच्या टोल्यात गेले. सांगायलाच गेले होते. रुखमा अंगणात बसली होती, हात मांडीत उपडे ठेवून. आता ती हात तसेच ठेवते. सून रिना आतून आली. सहावा महिना आहे तिला. मी विचारपूस केली, ऊन फार आहे म्हणाले, मोहाचं यंदा कसं काय म्हणाले. रिना आत जाऊन गडवाभर पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला. पदर सरकला तसे तिच्या गळ्याखाली मला ते दिसले. चार-सहा थेंब. धुळीत पडून वाळलेले.

गडव्यातलं पाणी किंचित लालसर होतं. पाहुण्याला आहे ते पाणी दिलं होतं, न निवळता, कारण मीच तसं शिकवलं होतं.

मी म्हणाले, मला उपास आहे.

"पाण्याचा उपास नसते, बाई," रुखमा म्हणाली. हसून म्हणाली. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि तिचं हसू गेलं. तिनं रिनाच्या हातून गडवा घेतला आणि स्वतः प्यायली. सगळा. माझ्याकडे बघत. मी समोर उभी होते, दोन हात होते मला, एक हात पुढं करून गडवा धरायला काही लागत नव्हतं. मी म्हणाले, बरं, येते मग. शेडच्या चढापर्यंत आले आणि ज्या झाडाखाली आम्ही डबे खातो तिथं बसून राहिले. रडले असं लिहिलं तर बरं वाटेल वाचायला. रडले नाही. साडीला लागलेली कुसळं काढत बसले.

गुरुवारी साक्षी सकाळच्या एसटीनं आली. पंप हापसून ठेवायला मी गेले नाही. शौर्य म्हणून नाही, पाय उचलले नाहीत म्हणून. पंपाशी टोल्यातल्या बायका जमल्या होत्या. वरून रंजीता आली, मागं गटातल्या तिघी-चौघी. गटातल्या ओट्याच्या अलीकडे थांबल्या, टोल्यातल्या पलीकडे. साक्षी मधे, वाकून बाटल्या उघडत.

हापसायला रुखमा पुढं झाली. पहिलं पाणी सोडून दिलं, मग साक्षीनं बाटली धरली. ती बाटली मी बघितली. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या गावाची बाटली तिच्या खऱ्या रंगाची होती. चहाच. साक्षीनं त्यात थोडं काही टाकलं, झाकण लावलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता तिनं सगळ्यांना सांगितलं की उत्तर येईस्तोवर हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकालाही नाही. टोल्यातली एक म्हातारी म्हणाली, मग प्यायचं कुठलं? साक्षीनं वरच्या नळाकडे बघितलं. रंजीतानं पदर नीट केला.

कुणी विचारलं, पाणी तर मागच्या वर्षी चांगलं निघालं होतं, आता काय झालं?

साक्षी माझ्याकडे बघतही नव्हती, चिठ्ठीच्या कडा दाबत होती. तिनं ते माझ्यासाठी सोडलं होतं. रंजीतानं मात्र माझ्याकडे बघितलं.

"ते पाणी निवळलेलं होतं," मी म्हणाले. "घरी नेऊन, बी घासून, वरचं भरलं होतं मी. दरवेळी तसंच केलं. कागदावर जे आलं ते ह्या पंपाचं नाई."

मला वाटलं होतं, हे बोलले की आभाळ कोसळेल. काही झालं नाही. पंपाच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. रिनानं पोटावर हात ठेवला. रुखमानं हापसणं थांबवलं होतं, दांडा धरून उभी होती.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "सात वरसं पाहून राह्यली मी, तू बादली घेऊन वर जाते. सरकारले आमचं पाणी दाखवाची तुले लाज वाटे. मले वाटलं, बरं हाये बा, कोनाले तरी आमच्या पान्याची लाज वाटते."

टोमणा असता तर झेलला असता. तो टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं.

मग साक्षी खड्डा बघायला चढली आणि आम्ही सगळ्या तिच्यामागं. खड्ड्यात हिरवट कडा धरलेलं पाणी होतं, वरून रंजीतानं टाकलेली ओली माती. साक्षीनं पावलं मोजत पंपापर्यंतचं अंतर घेतलं, परत आली, शेडभोवती एक फेरी मारली. शेडच्या पलीकडे, वरच्या अंगाला, आमची बांबू वाळवायची मोकळी जागा आहे, भरपूर, सपाट. तिथं ती जरा थांबली. मग फॉर्म गुडघ्यावर ठेवून लिहायला लागली. कधी खणला, किती खोल, किती दिवसांनी ओतता. रंजीता उत्तरं देत होती, नीट, खरी.

"इथंच काऊन खंदला?" साक्षीनं विचारलं. "कारण लिहाचं असते."

"उतार आहे इकडं," रंजीता म्हणाली. "उतार लिहा."

गटातल्या दुसरीनं मान हलवली, हो, उतारच. तिसरी म्हणाली, इकडची जमीन भुसभुशीत, खणायला सोपी. टोल्यातल्या बायका खड्ड्याकडे बघतही नव्हत्या. इतकी वर्षं त्या कारणाच्या शेजारीच राहत होत्या, त्यांना ते फॉर्मवर बघायची गरज नव्हती. रुखमा जरा मागं, हात पदराखाली घेऊन उभी होती.

सहा वर्षांपूर्वीची सकाळ मला लख्ख आठवते. कुदळ घेतलेले दोन मजूर, आम्ही दहाजणी, आणि रंजीता म्हणाली होती, पाण्याचं तुला कळतं चंदा, तू सांग कुठं. मी आधी वरच्या अंगाला गेले. तिथून आमच्या टाकीची विहीर दिसत होती. मग वळून खाली आले. रुखमाही होती तेव्हा. तिनं बघितलं होतं.

साक्षीनं पेन टेकवलं.

"उतार लिहू नको, बाई," मी म्हणाले. "वर जागा होती. वरचं पाणी आमी पेतो, म्हणून तिथं नाई खंदला. हे पाणी तुमी पेता, म्हणून इथं खंदला, रुखमा. बोट मीच दाखवलं होतं."